पुरे कोणी म्हणायचे?

'पुरे' हा शब्द आपण दिवसातून किती वेळा उच्चारतो, याची कोणी नोंद ठेवीत नाही. चहात साखर घालणाऱ्या हाताला आपण पुरे म्हणतो, भांडणाऱ्या मुलांना पुरे म्हणतो, आणि आश्विन संपत आला तरी पाठ न सोडणाऱ्या पावसालाही अंगणात उभे राहून 'बाबा रे, आता पुरे' असे म्हणतो. शब्द दोन अक्षरांचा. पण त्याचे गोत मोठे आहे. पुरणे, पुरवणे, पुरा, पुरवठा ही सगळी एकाच घरची माणसे. इतकेच काय, पोळीत भरावयाचे पुरणही त्यांच्याच नात्यातले. जे भरले, जे पूर्ण झाले, त्याला आपण पुरे म्हणतो. तेव्हा हा शब्द तोंडून निघाला म्हणजे आत कोठेतरी काहीतरी भरलेले असणार, अशी आपली साधी समजूत असते. ही समजूत कितपत खरी आहे, आणि 'पुरे' म्हणण्याचा अधिकार खरोखर कोणाचा, असा एक प्रश्न माझ्या मनात काही दिवसांपासून घर करून बसला आहे. दिवाळीच्या फराळाचे डबे हाताशी असताना तो वाचकांपुढे मांडावा, असे मला वाटते.

प्रश्न मोठा असला तरी त्याचे कारण अगदी लहान आहे. 2023 सालच्या गणेशोत्सवात मी एका स्पर्धेत भाग घेतला. स्पर्धा वक्तृत्वाची नव्हती, निबंधाचीही नव्हती. मोदक खाण्याची होती. आमच्या गावच्या बाजारपेठेतल्या मंडळाने ती ठेवली होती. नियम सुटसुटीत होता. देवाला एकवीस मोदकांचा नैवेद्य, म्हणून प्रत्येकापुढे उकडीचे एकवीस मोदक. वेळ दहा मिनिटे. जो आधी संपवील तो पहिला. बक्षीस म्हणून पितळेची एक समई ठेवली होती. घशात घास अडकला तर, म्हणून गावचे डॉक्टर पहिल्या रांगेत बसले होते. भाग घेणारे आम्ही अकराजण. त्यांत मी वयाने तिसरा आणि वजनाने बहुधा पहिला.

मी मूळचा घाटावरचा, सांगोल्याकडचा. नोकरीने कोकणात आलो, तोपर्यंत माझी ओळख तळणीच्या मोदकाशीच होती. उकडीचा मोदक पाहिला तेव्हा मला पहिल्यांदा असे वाटले की, ही वस्तू खाण्यासाठी केलेली नसून काचेच्या कपाटात ठेवण्यासाठी केलेली असावी. तो करायचा कसा, हेही मी जवळून पाहिले आहे. नारळ खवायचा, गूळ चिरायचा, दोन्ही मंद आचेवर एकजीव करून त्यात वेलची-जायफळ घालायचे. तांदळाच्या पिठीची उकड काढायची आणि ती गरम असतानाच, हात पोळत असता, तेलापाण्याचा हात घेऊन मळायची. मग तळहातावर पारी, पारीत सारण, पारीच्या काठाला चिमटीने पाडलेल्या कळ्या, त्या कळ्यांचे हळूच मिटणे, आणि हळदीच्या पानावर ठेवून दिलेली वाफ. सराईत बाईलाही एक मोदक वळायला दीड-दोन मिनिटे लागतात. अकराजणांचे मिळून दोनशे एकतीस मोदक झाले. हिशेबाने पाहिले तर नुसते वळायलाच एका बाईचे सहा ते आठ तास होतात. आमच्या आळीतल्या पाच बायका, त्यांत आमच्या सौभाग्यवतीही, पहाटे चारपासून त्या कामाला बसल्या होत्या. आणि आम्ही ते दहा मिनिटांत संपवावयास बसलो.

पहिला मोदक मी नेहमीसारखा खाल्ला. वरून तूप सोडलेले. कळ्या ओठांना लागल्या, पारी फुटली, आणि गरम गुळाचा वास नाकात शिरला. जायफळ नेमके पडले होते. दुसरा खाताना माझी नजर शेजारच्या ताटाकडे गेली. त्या ताटातला चौथा उचलला जात होता. तिसऱ्यापासून चव गेली. हे मी अलंकाराने सांगत नाही, जसे घडले तसे सांगतो आहे. गूळ होता, खोबरे होते, जीभही जागेवरच होती. पण तोंडात येत होते ते काहीतरी गरम, चिकट आणि गिळायला अवघड असे. पाचव्याला मी एक युक्ती शिकलो. अंगठ्याने मोदक फोडायचा, पारी वेगळी आणि सारण वेगळे करायचे, आणि कोमट पाण्याच्या घोटाबरोबर दोन्ही खाली लोटायचे. ज्या कळ्या पाडायला पहाटेपासून बायका खपल्या, त्या मोडण्यात आता माझे कौशल्य होते. फळ्यावर एक मुलगा खडूने आमच्या नावापुढे रेघा ओढीत होता. माझे सारे लक्ष त्या रेघांकडे लागले होते.

चौदा मोदकांवर मी हात धुतला. लोक ओरडत होते, "गुरुजी, सातच राहिले!" मी मान हलवून 'पुरे' म्हणालो. समई एका महाविद्यालयीन तरुणाने जिंकली. त्याने एकवीस मोदक दहा मिनिटांच्या आतच संपवले, आणि टाळ्या घ्यायला उठताना दोन्ही हातांनी टेबलाचा आधार घेतला.

संध्याकाळी मोदक करणाऱ्या काकू भेटल्या. त्यांनी अगदी सहज विचारले, "गुरुजी, मोदक कसे झाले होते हो?" मी म्हणालो, "पहिला फार छान झाला होता." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "आणि बाकीचे तेरा?" बाकीच्या तेरांविषयी सांगण्यासारखे माझ्यापाशी काही नव्हते. ते माझ्या पोटात होते; माझ्या आठवणीत मात्र नव्हते. पदार्थ खाल्ला आणि पदार्थ गिळला या दोन क्रियांमध्ये किती अंतर आहे, ते मला काकूंच्या प्रश्नाने कळले. कोणाच्या हातचे खाल्ले असता त्याला 'छान झाले होते' एवढे तरी सांगता यावे, ही जेवणाऱ्याची निदान फेड आहे. वेगाने खाणाऱ्याला ती फेडता येत नाही. कारण त्याने चव घेतलेलीच नसते.

आपल्या पूर्वजांना ही गोष्ट ठाऊक होती असे दिसते. चरकसंहितेच्या विमानस्थानात आहाराचे नियम सांगितले आहेत. अन्न गरम व स्निग्ध असावे, आधीचे पचल्यावर खावे, वगैरे सांगून झाल्यावर चरक म्हणतो की, फार भरभर खाऊ नये, फार रेंगाळतही खाऊ नये, आणि बडबडत वा हसत न खाता मन लावून खावे. पोटाचे तीन भाग कल्पून एक घन अन्नाला, एक पातळ पदार्थांना, आणि एक वात-पित्त-कफांच्या हालचालीसाठी मोकळा ठेवावा, असेही तेथेच सांगितले आहे. जपानच्या ओकिनावा बेटावर पोट दहात आठ भाग भरले की थांबावे, अशी एक म्हण लोक पाळतात. दोन्ही उपदेशांत एक गोष्ट सारखी आहे. पोट काठोकाठ भरण्यापूर्वीच थांबावयाचे. आणि कोठे थांबावयाचे, हे ज्याचे त्याने ओळखावयाचे.

पण ओळखावयाचे कसे? याचे उत्तर शरीराच्या रचनेत आहे. पोट ताणले गेले की मज्जातंतू मेंदूला तशी वर्दी देतात. अन्न पुढे आतड्यात उतरू लागले की तेथून काही द्रव्ये रक्तात सुटतात आणि तीही हाच निरोप घेऊन जातात. हा निरोप पुरता पोचायला साधारणपणे वीस मिनिटे लागतात. म्हणजे शरीराचे 'पुरे' पायी चालत येते. जेवणारा जर घोड्यावर बसून निघाला, तर त्यांची भेट होणार कशी? आमची स्पर्धा दहा मिनिटांची होती, हे येथे लक्षात घ्यावे. शरीराने बोलण्यापूर्वीच सारे आटोपायचे, हे तिचे मर्म होते.

ही कला जेथे पराकोटीला गेली ते ठिकाण म्हणजे अमेरिकेतील न्यूयॉर्क शहराचे कोनी आयलंड. तेथे दरवर्षी 4 जुलैला, त्या देशाच्या स्वातंत्र्यदिनी, हॉट डॉग खाण्याची स्पर्धा होते. हॉट डॉग म्हणजे लांबट पावात घातलेली मांसाची कांडी. 2001 साली ताकेरू कोबायाशी नावाचा एक सडसडीत जपानी तरुण तेथे आला आणि त्याने बारा मिनिटांत पन्नास हॉट डॉग संपवले. त्यापूर्वीचा विक्रम पंचविसांच्या किंचित वर होता. विक्रम थोडाथोडका नव्हे, जवळजवळ दुप्पट झाला. त्याची रीत अशी की, कांडी मधोमध मोडून दोन्ही तुकडे एकदम तोंडात घालायचे, आणि पाव पाण्यात बुडवून, पिळून गिळायचा. पुढे जोई चेस्टनट या अमेरिकन माणसाने 2021 साली दहा मिनिटांत शहात्तर खाल्ले. पाण्यात भिजवून पिळलेला पाव! ज्याने तो भाजला त्याने हे पाहिले तर त्याला काय वाटेल, असे माझ्या मनात आले. आणि लागलीच मोदकाच्या कळ्या आठवल्या.

2007 साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या डॉक्टरांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. एक भरपूर खाणारा पण साधा माणूस आणि एक स्पर्धेत खाणारा, अशा दोघांना हॉट डॉग खायला देऊन त्यांच्या पोटाची क्ष-किरणांनी पाहणी केली. साधा माणूस सात खाऊन थांबला. आणखी एक घास जरी घेतला तरी उलटेल, असे तो म्हणाला. स्पर्धकाने दहा मिनिटांत छत्तीस खाल्ले, तेव्हा डॉक्टरांनीच घाबरून त्याला थांबवले. त्याचे जठर एखाद्या सैल पिशवीसारखे ताणत गेले होते. आणि त्याला विचारले तर पोट भरल्याची काही जाणीवच त्याला नव्हती. सरावाने त्याने शरीराचे 'पुरे' बंद पाडले होते. असे जठर पुढे कधी पूर्ववत आकुंचन पावेनासे होईल, अशी भीती त्या डॉक्टरांनी नमूद केली आहे.

कोबायाशीची पुढची हकीगत मला त्याच्या विक्रमाहून मोठी वाटते. 2024 साली प्रदर्शित झालेल्या एका माहितीपटात त्याने सांगितले की, आपल्याला आता भूक लागत नाही, पोट भरल्याचेही कळत नाही. आणि म्हणून आपण ही स्पर्धा सोडीत आहोत. पंचवीस-एक वर्षे ज्याने 'पुरे'ला दाराबाहेर ठेवले, त्याच्या घरातून शेवटी 'हवे'ही निघून गेले. तृप्ती आणि भूक या जुळ्या बहिणी असाव्यात. एकीला हाकलले की दुसरी राहत नाही. आणि तरी त्याच वर्षीच्या सप्टेंबरात, चेस्टनटशी जुना हिशेब पुरा करण्यासाठी, तो पुन्हा टेबलापाशी बसला. दहा मिनिटांत त्याने सहासष्ट खाल्ले, चेस्टनटने त्र्याऐंशी. स्वतः उच्चारलेले 'पुरे' पाळणेदेखील किती कठीण असते, याचे याहून बोलके उदाहरण मला माहीत नाही.

कोणी म्हणेल, ही परदेशाची वेडे; आपल्याकडे असे नव्हते. मला ते मान्य नाही. जुन्या पंगतींतून पैजेने जिलब्या उठवणारे वीर आपल्या सर्वांच्या आजोबांनी पाहिलेले आहेत. शिवाय आपला आग्रह! वाढणारा जिलब्यांची परात घेऊन उभा. जेवणारा दोन्ही हात पानावर पसरून ओणवा झालेला. आणि त्या हातांवरच धपकन पडलेली जिलबी. पंगतीत तीन 'पुरे' असतात. पहिले शिष्टाचाराचे, दुसरे संकोचाचे आणि तिसरे खरे. आणि चांगला वाढपी तिसरे येईपर्यंत हलत नाही. जपानच्या इवाते प्रांतात वान्को सोबा म्हणून जेवणाचा एक प्रकार आहे. लहानशा वाटीत शेवयांचा एक घास वाढतात. तो संपला न संपला तोच वाढणारी बाई दुसरा ओतते. दहा-पंधरा वाट्या मिळून नेहमीचा एक वाडगा होतो, आणि खाणारे शंभरावर वाट्या खातात. तिला थांबवायचे तर एकच उपाय आहे: रिकाम्या वाटीवर झटकन झाकण ठेवायचे. झाकण ठेवण्यापूर्वी तिने ओतले, तर तो घास खाणे आलेच. ओणवून पान झाकणारा आपला पाहुणा आणि वाटीवर झाकण घालणारा तिकडचा पाहुणा, हे मला सख्खे भाऊ वाटतात. मात्र आग्रहात आणि घड्याळात एक फरक आहे, तो नाकारता येत नाही. आग्रह करणारा तिसरे 'पुरे' ओळखतो, निदान ओळखू इच्छितो. त्याचे डोळे जेवणाऱ्याच्या तोंडाकडे असतात. घड्याळाला तोंड ओळखता येत नाही.

दुसरा कोणी भीमाचा दाखला देईल. एकचक्रा नगरीत बकासुरासाठी नेलेला गाडाभर भात भीमानेच खाल्ला, तेव्हा पुष्कळ खाणे हा काही दोष नव्हे! अगदी खरे. पण महाभारतातला तो प्रसंग नीट पाहावा. बकासुर मागून येऊन पाठीवर दोन्ही मुठींनी तडाखे घालतो आहे, आणि भीम मागे वळूनही न पाहता शांतपणे जेवतो आहे. त्याला घाई नाही. दारात मृत्यू आला तरी तो जेवणाचा वेग वाढवीत नाही. खाण्याच्या परिमाणापेक्षा ही निश्चिंतता मला मोठी वाटते. त्या निश्चिंततेचे आणि वेगाचे नाते काय, ते मला शिकवले माझ्या आईने.

आई हल्ली माझ्याकडेच असते. तिने स्पर्धेची हकीगत ऐकली तेव्हा मला वाटले होते, ती रागावेल. अन्नाचा एक कण ताटाबाहेर सांडला तरी उचलून तोंडात घालणारी ती बाई. 1972 च्या दुष्काळात ती दहा वर्षांची होती. सांगोल्याकडे विहिरी आटल्या, ज्वारी जळाली, आणि सारे घर दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. अमेरिकेतून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरी आणि कामावर वाटली जाणारी सुकडी, यांवर त्या पिढीने दिवस काढले. पण आई रागावली नाही. हसून म्हणाली, "चौदाच खाल्लंस व्हय रं? आमी असतो तर तुला हरवला असता."

मी विचारले, "तुम्ही का जिंकला असता?"

"आमाला सवय व्हती," ती म्हणाली. "सुकडी हातावर पडली की पळत पळतच तोंडात कोंबायची. थांबलं की मोठी पोरं हिसकावून घ्यायची. चव कसली बघतोस? पोटात गेली की आपली, तवर कुणाचीबी."

पोटात गेली की आपली, तोवर कोणाचीही. हे वाक्य ऐकल्यापासून वेगाने खाण्याकडे पाहण्याची माझी दृष्टी पालटली. वेग हा काही भुकेचा गुण नाही. भुकेला माणूस, त्याचे अन्न कोणी हिरावणार नाही अशी खात्री असेल, तर मन लावून जेवतो. त्याच्यासारखी चव दुसऱ्या कोणाला कळत नाही. वेग येतो तो भीतीतून. आपल्या वाट्याचे जाईल, उद्या मिळणार नाही, दुसरा पुढे निघून जाईल, या भीतीने घास मोठा होतो आणि चावणे बंद पडते. आईच्या लहानपणी ही भीती खरी होती. मंडळाच्या मांडवात आम्ही पोटभर जेवणाऱ्या अकरा माणसांनी ती खोटी खोटी निर्माण केली, आणि दहा मिनिटे तिचा खेळ केला. लहान मुले चोर-शिपायांचा खेळ खेळतात, तसाच काहीसा.

मग असा खेळ पाप आहे काय? कोठेतरी कोणी उपाशी असताना चौदा मोदक गिळणे अनीतीचे आहे काय? नीतीच्या नावाखाली येथे पुष्कळ खोटे बोलले जाते, म्हणून मी जपून बोलतो. सणाला चार घास जास्त खाणे हे पाप असते, तर सण हीच एक अनीती ठरली असती. गरिबाघरीही सण असतो, आणि त्या दिवशी तोही भरपेट जेवतो. त्याचा आनंद हिरावून घेण्याचा अधिकार कोणत्याही नीतिशास्त्राला नाही. उपाशी माणसाचे नाव घेऊन जेवणाऱ्याला लाजवणे सोपे असते. त्याने उपाश्याच्या ताटात काही पडत नाही. माझी तक्रार खाण्याबद्दल नाहीच. ती एवढीच आहे की, ज्याला 'पुरे' म्हणण्याचे सुख लाभले आहे त्याने ते सुख आपण होऊन दुसऱ्याच्या हाती द्यावे, हे काही ठीक नाही. कारण ते सुख सर्वांना लाभत नाही.

ते कसे, हे मला रोज दुपारी शाळेत दिसते. सर्वोच्च न्यायालयाने 28 नोव्हेंबर 2001 रोजी आदेश दिला, की सरकारी शाळांतल्या मुलांना दुपारी शिजवलेले अन्न मिळाले पाहिजे. त्याप्रमाणे आमच्याकडे खिचडी शिजते. प्राथमिकच्या मुलामागे शंभर ग्रॅम तांदूळ आणि वीस ग्रॅम डाळ, असे ठरलेले माप आहे. ओळीने ताटल्या मांडल्या की मुलांचे दोन वर्ग पडतात. काही मुले वाढपाकडे पाहून आरामात 'पुरे' म्हणतात, गप्पा मारतात, वाटाणे वेचून बाजूला ठेवतात. आणि एखाददुसरे मूल मान खाली घालून, कोपराने ताटलीभोवती कुंपण करून, भराभर खात असते. सोमवारी ते जास्तच भरभर खाते, कारण मध्ये रविवार गेलेला असतो. अशा मुलाच्या तोंडून मी 'पुरे' हा शब्द महिनोन्‌महिने ऐकत नाही. त्याचे 'पुरे' त्याच्या वतीने रिकामे पातेले म्हणते.

घाईने खाण्याची शिक्षकाला एक वेगळीच भीती असते. 2002 साली जपानात एका शाळकरी मुलाने, दूरदर्शनवरच्या स्पर्धांचे अनुकरण करीत, जेवणाच्या सुटीत मित्राशी पाव खाण्याची शर्यत लावली. पाव घशात अडकून तो दगावला. त्यानंतर तिकडे असे कार्यक्रम काही काळ बंद ठेवण्यात आले. तेव्हा 'सावकाश खा रे' असे मुलांना सांगणे हे माझे कामच आहे. पण कुंपण घालून खाणाऱ्या मुलाला सावकाश खा म्हणून सांगितले, तर ते ऐकत नाही. ऐकेलही कसे? मी त्याला चालीचा उपदेश करतो आहे, आणि त्याच्या पाठीस भीती लागली आहे.

मी एक साधा उपाय करून पाहिला. काही मुले थोडे खातात, त्यामुळे पातेल्यात दुसऱ्या वाढपापुरते बहुधा उरते. अशा मुलाने मागण्यापूर्वीच, त्याची ताटली अर्धी असताना, दुसरा डाव त्याच्या ताटलीत घालायचा. काही बोलायचे नाही. पहिले काही दिवस ते दोन्ही वाढपे त्याच वेगाने संपवते. मग कधीतरी, दोन आठवड्यांनी म्हणा, तीन आठवड्यांनी म्हणा, कोपराचे कुंपण सैल होते. शेजाऱ्याशी ते एखादा शब्द बोलते. खिचडीतली मिरची काढून टाकते. आणि एके दिवशी डाव पुढे केला असता, हात आडवा धरून म्हणते, "पुरे, गुरुजी." वाचकहो, मी काही पुस्तके लिहिली आहेत आणि त्यांना चार माणसांनी बरे म्हटलेही आहे, पण ते 'पुरे' ऐकताना जे वाटते ते दुसऱ्या कोणत्याही शाबासकीने मला वाटलेले नाही. उद्या पुन्हा मिळेल, अशी त्या मुलाची खात्री झालेली असते. 'पुरे' म्हणायला पोट भरावे लागते हे खरे. पण त्याहीआधी जगावर थोडा विश्वास बसावा लागतो.

तेव्हा माझ्या प्रश्नाचे मला सापडलेले उत्तर असे. 'पुरे' ज्याचे त्यानेच म्हणावयाचे असते. यजमानाने ते म्हणू नये, घड्याळाने म्हणू नये आणि रिकाम्या पातेल्यानेही म्हणू नये. मात्र ते म्हणता येण्याजोगी परिस्थिती एकट्याने आणता येत नाही. ती सर्वांनी मिळून आणावी लागते. म्हणून येथे दोन कर्तव्ये आहेत, आणि ती वेगवेगळी आहेत. ज्याचे पोट भरलेले आहे त्याने आपले 'पुरे' वेळेवर ओळखावे; ज्याचे भरलेले नाही त्याच्या ताटलीत, त्याने मागण्यापूर्वी, दुसरा डाव पडेल अशी व्यवस्था समाजाने करावी. पहिले कर्तव्य केल्याने दुसरे आपोआप पार पडते, असा भ्रम कोणी बाळगू नये. मी सात मोदक मागे ठेवले, त्याने कोणाचे पोट भरले नाही. पण इतके खरे की, जो स्वतः कधी 'पुरे' म्हणायला शिकलेला नाही, त्याला दुसऱ्याला ते का म्हणता येत नाही, हा प्रश्नच पडत नाही. तो पुढच्या मोदकाकडे पाहत असतो.

आणि हे केवळ मोदकांपुरतेच आहे काय? वर्षाला किती पुस्तके वाचली याचा आकडा सांगणारी माणसे मला भेटतात. चार दिवसांत नऊ तीर्थे करून आलेली मंडळी भेटतात. मुलांना पंधरा दिवसांत पाढे, महिन्यात इंग्रजी शिकवून देण्याच्या जाहिराती मी वाचतो. मला अशा वेळी काकूंचा प्रश्न त्यांना विचारावासा वाटतो: कसे झाले होते हो? बहुतेकांना पहिले तेवढे आठवत असेल.

आता दिवाळी आली आहे. घरोघरी चकल्यांचे, अनारशांचे, चिवड्याचे डबे भरले आहेत. पुढचे चार दिवस ज्या घरी जाल तेथे फराळाचे ताट समोर येईल आणि आग्रहही होईल. एक करंजी घ्या. पण ती सावकाश खा, तिच्यात खसखस आहे की नाही ते पाहा, आणि करणारीला तसे सांगा. मग पोट भरल्यासारखे वाटले की ताटावर हात आडवा धरून खुशाल 'पुरे' म्हणा. आणि परत निघताना, जिच्या घरी यंदा तेलाचा घाणा लागलेला नाही अशी एखादी चूल तुमच्या आळीत असेल, तर तिच्या दारी एक डबा, कोणी मागण्यापूर्वी, नेऊन ठेवा. काही बोलण्याची गरज नाही.